शेवटचं पान नेहमीचंच

काकू दारातून आत शिरताना दिसल्या की आमचे हे छपाईच्या मशीनमागे दडी मारायचे. दिवसभर त्या धुडाशी झटापट करणारा माणूस, पण काकूंपुढे बोबडी वळायची. कारण काकू पिवळ्या रंगावरून भांडायच्या. त्यांच्या चित्रातला पिवळा आणि आमच्या मशीनमधून उतरलेला पिवळा यांत त्यांना जो फरक दिसायचा, तो आम्हाला कागद दिव्याखाली धरूनही दिसत नसे. हा आजारी पिवळा आहे, असं म्हणून त्या कागद परत सरकवायच्या. मग मीच पुढे व्हायचे. आमच्या प्रेसमध्ये गिऱ्हाइकं, बांधणी आणि भांडणं ही खाती माझ्याकडे आहेत. ह्यांच्याकडे छपाई तेवढी.

काकूंची गोष्ट दवाखान्यापासून सांगायला हवी. आमच्या गल्लीच्या टोकाला लहान मुलांचा दवाखाना आहे, तिथे त्या निवृत्त होईपर्यंत केसपेपर लिहायच्या. सुईच्या धाकाने पोरं दारातच भोकाड पसरायची, तेव्हा काकू केसपेपरच्या कोपऱ्यात एखादा उंदीर नाहीतर बदक काढून द्यायच्या आणि सांगायच्या की हा तुझ्यासोबत आत येणार आहे. डॉक्टर आधी कुरकुरले, मग रडारड कमी झालेली पाहून गप्प बसले. काकूंचे यजमान फार लवकर गेले होते. पदरात एक मुलगा, त्याला त्या पगारावर वाढवला. चित्रकला कुणी शिकवली असं विचारलं, तर हाताला खाज होती म्हणायच्या, बाकी काही नाही.

मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करणारी मुलगी, बोलायची कमी, पण बोलली की नेमकं. आता सासू-सुनेचं विळ्याभोपळ्याचं सख्य बघायला मिळणार म्हणून गल्ली टपून बसली होती. गल्लीची साफ निराशा झाली. दोघींचं असं मेतकूट जमलं की मुलगाच घरात पाहुण्यासारखा वाटायला लागला. पुढे नात झाली. ती पोरगी हाताला लागेल तो रंगीत खडू तोंडात घालायची, म्हणून तिचं नाव पडलं खडू. शाळेत तिला दुसरं नाव आहे म्हणतात, पण त्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघत नाही.

खडूला झोपवताना सून चार ओळी जुळवून सांगायची आणि काकू शेजारी बसून त्याची चित्रं काढायच्या. अशी कागदांची चळत साठली. दोघी ती घेऊन प्रकाशकांकडे फिरल्या. एकाने सांगितलं फारच साधं आहे, दुसऱ्याने सुचवलं मधे एक राक्षस टाका, तिसऱ्याने उत्तर द्यायचेही कष्ट घेतले नाहीत. तेव्हा काकू चिडल्या आणि म्हणाल्या, आपलं आपण छापू, आपल्या घरात राक्षस नाही तर आणायचा कुठून. आणि दोघी आमच्या दारात उभ्या राहिल्या.

पहिलं पुस्तक होतं 'बाबांच्या बुटात कोण?'. मग 'आजीची उशी'. मग अजून काही. सगळ्यांत घरातलीच माणसं, त्यांचा एकमेकांवरचा जीव, आणि घडायचं म्हणाल तर फारसं काहीच नाही. बाबांचा एक बूट हरवतो, सगळे शोधतात, आणि खडू तो कुशीत घेऊन झोपलेली सापडते. एवढंच. पण मी पानं जुळवून पिना मारताना तेच ते वाचत बसायचे आणि ह्यांच्या शिव्या खायचे. मुखपृष्ठावर नावं नव्हती. नुसतं लिहिलेलं असायचं, 'शब्द आईचे, चित्रं आजीची'. मी म्हटलं, अहो नावं घाला, मिरवा थोडं. तर सून म्हणाली, वाचणाऱ्या पोराला ती त्याचीच आई आणि त्याचीच आजी वाटू दे.

या पुस्तकांत एक खेळ होता, तो नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. प्रत्येक पुस्तक घराच्या दारापासून सुरू व्हायचं आणि दाराबाहेर चपला. बाबांचे काळे बूट, आजीच्या जाड तळव्याच्या चपला, आईच्या निळ्या पट्ट्याच्या, खडूचे लाल सँडल. पुस्तकभर कुणी ना कुणी कामाला जायचं, त्याच्या चपला दाराशी नसायच्या. पोरांनी ओळखायचं, कोण घरी आणि कोण बाहेर. शेवटच्या पानावर माणूस एकही नाही, फक्त दार, आणि सगळ्यांच्या चपला ओळीत. खाली सुनेची ओळ: 'सगळे घरी. दार लावा.' हे पान काकूंनी पहिल्या पुस्तकाच्या वेळी एकदाच काढलं. नंतर प्रत्येक पुस्तकात तेच लागायचं. काकू नवी चित्रं एकेक करून टेबलावर मांडायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "शेवटचं पान नेहमीचंच."

विकायचं काम मात्र जिकिरीचं. दुकानदार म्हणायचे, तुमच्या पुस्तकाला कणाच नाही, पिना मारलेलं पातळ पुस्तक फळीवर उभं राहत नाही, गिऱ्हाइकाला दिसणार कसं? मग ती पुस्तकं दवाखान्याच्या बाकावर, चष्म्याच्या काउंटरवर, वाढदिवसांना, अशी हातोहात जायची. उरलेले गठ्ठे पलंगाखाली. आमच्या बाकावर बसून दोघींची भांडणं चालायची. सून म्हणायची, तुम्ही मला दर पुस्तकात जाड काढता. काकू म्हणायच्या, माझा कुंचला खोटं बोलत नाही बाई. आणि दोघी हसत सुटायच्या.

मग ते घर मोडलं. मुलगा कंपनीच्या कामाने फिरतीवर असायचा, आणि त्या फिरतीत त्याचं दुसरीकडे जमलं. आधी सुनेला कळलं, मग काकूंना, मग गल्लीला. गल्लीला कळल्यावर राहिलंच काय. काकू सुरुवातीला सुनेच्या बाजूने उभ्या राहिल्या, मुलाशी बोलणं टाकलं. पण सून खडूला घेऊन बाहेर पडली, दोन गल्ल्या पलीकडे एक खोली घेतली, आणि काकूंचं काहीतरी फिरलं. कोर्टकचेरी झाली नाही. तोंडी ठरलं की रविवारी खडू बापाकडे, म्हणजे काकूंच्याच घरी जाईल. आता काकूंना जगायला आठवड्यातला तेवढाच एक दिवस उरला होता, आणि तो सुनेच्या शब्दावर होता.

एकदा आमच्या बाकावर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, तो चुकला ते कबूल, पण मी हिचं काय वाकडं केलं होतं, मला का सोडून गेली? मी पानं जुळवत राहिले. सुनेने नवरा सोडला होता, आणि काकूंना वाटत होतं की तिने आपल्यालाच सोडलं.

काही महिन्यांनी त्या नवं पुस्तक घेऊन आल्या. 'रविवारचं घर'. मी चित्रं चाळली. आजी होती, बाबा होते, खडू होती. आई नव्हती. एका चित्रात खडूचा हात वर उचललेला, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा, आणि बोट नव्हतंच. मी तो कागद उजेडासमोर धरला. पांढऱ्या रंगाचा जाड थर होता आणि त्याच्या आड एक बाई उभी होती. म्हणजे हाताने सवयीने काढली आणि मग झाकून टाकली. मुखपृष्ठावर होतं, 'शब्द आणि चित्रं आजीची'.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी विचारलं, काकू, आई कुठाय यात?

"या पुस्तकात तिचं काम नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मग नावही तसंच द्या, 'खडूची आई वारली' म्हणा, म्हणजे पोरांना नीट कळेल. मशीनमागून ह्यांच्या खोकल्याची उबळ आली, ती मला गप्प करायला. काकूंचा चेहरा उतरला. पण त्या हट्टाला पेटल्या होत्या. छापायचं नसेल तर तसं सांगा, म्हणाल्या, गावात प्रेसना तोटा नाही. आणि दारातून वळून, नेहमीच्या सवयीने, शेवटचं पान नेहमीचंच लावा, असंही सांगून गेल्या.

ह्यांनी पुस्तक छापलं, मी पिना मारल्या. त्या शेवटच्या पानाकडे कुणी बघितलं असेल तर शपथ. काकूंनी प्रूफ तपासताना पिवळ्यावरून दोनदा कागद परत केला, पण शेवटचं पान उलटंच ठेवलं. इतक्या वेळा छापलेलं पान, त्यात काय बघायचं असं सगळ्यांनाच वाटलं.

पुस्तक पहिल्यांदा वाचून दाखवायचं ते दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, हा काकूंचा रिवाज. रविवारी दवाखाना बंद असतो, डॉक्टर किल्ली देऊन ठेवतात. बाकांवर गल्लीतली पोरं बसली. खडू सगळ्यांत पुढे, मांडी घालून, हातात स्वतःची प्रत. बाप फिरतीवर होता. रविवार असून फिरतीवर. मी गठ्ठा पोचवायला गेले होते ती मागच्या बाकावर टेकले.

काकू छान वाचतात, ते कुणी नाकारणार नाही. पोरं रंगली. शेवटचं पान आलं, आणि काकूंनी न बघताच पुस्तक पोरांकडे वळवून विचारलं, कोण कोण घरी? पोरं ओरडली, सगळे! काकू पुस्तक मिटणार, तेवढ्यात खडू उठून उभी राहिली.

"आजी, आईच्या चपला आहेत," ती म्हणाली. "म्हणजे आई घरात आहे. मग ती दिसली का नाही?"

काकूंनी पुस्तक स्वतःकडे वळवलं. निळा पट्टा तिथेच होता, बाबांच्या बुटांशेजारी, जसा पहिल्या दिवशी काढला होता तसा. खडूने आपली प्रत उघडली आणि बोटाला थुंकी लावून एकेक पान मागे उलटायला लागली. बाकीच्या पोरांना वाटलं नवा खेळ आहे. कपाटात बघ, पडद्यामागे बघ, पलंगाखाली असेल, असा एकच गलका. ती खरंच बघत होती हो. चित्रातल्या पडद्यावर नख खरवडून बघत होती.

काकूंना काहीही सांगता आलं असतं. त्यांच्या तोंडून निघालं ते असं, की त्या चपला चुकून राहिल्या.

खडूने जरा विचार केला. "मग आई अनवाणी गेली?"

पोरं हसली. खडू हसली नाही. आणि दारात सून उभी होती. ती खडूला न्यायला आली होती आणि हे एवढं तिने ऐकलं होतं. खडू तिच्याकडे पळाली, तिच्या पायांकडे बघितलं, आणि तुला कितीतरी शोधलं गं म्हणून पुस्तक तिच्या हातात दिलं. सुनेने ते पहिल्यापासून बघितलं. मुखपृष्ठावर थांबली. त्या वर उचललेल्या हाताच्या पानावर पुन्हा थांबली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"आई, मला पुसलंत ते मी सोसलं असतं," ती म्हणाली. "पण तुम्ही तिला शोधायला लावलंत. आता रविवार बंद."

पुस्तक बाकावर ठेवून ती खडूला घेऊन गेली. मी पोरांना हाकललं, खिडक्या लावल्या. काकू डॉक्टरांच्या दारावरच्या पाटीकडे बघत बसून राहिल्या. कुलूप मीच लावलं.

पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. काकूंनी छापलेले सगळे गठ्ठे परत आणून आमच्या कोपऱ्यात रचले, रद्दीत घाला म्हणाल्या. मुलगा एकदा फिरतीवरून घरी आला. सुनेला दोन शब्द सुनावतो म्हणत होता. काकूंनी त्याला दारातूनच परत पाठवला म्हणे, तू कुणाला सुनावायच्या लायकीचा राहिलेला नाहीस असं सांगून. हे त्यांनी आधी केलं असतं तर! पण जाऊ दे. मग एका दुपारी त्या येऊन बाकावर बसल्या. ह्यांनी मुद्दाम एक पिवळा कागद त्यांच्यासमोर नेऊन धरला. त्यांनी मान हलवली, बरा आहे म्हणाल्या. हे घाबरून माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांत काकूंना पिवळा कधी बरा वाटला नव्हता.

काकूंनी मला विचारलं, माझ्याबरोबर तिच्याकडे येशील का? मी म्हटलं, माझं काय काम तिथे, सासू-सुनेच्या मधे मी कशाला? आणि तोंडाने बडबडत चपला घातल्या.

सुनेची खोली वरच्या मजल्यावर. काकू कठड्याला धरून चढल्या. दाराबाहेर दोन जोड होते. लाल सँडल, आणि एक तपकिरी चपलांचा जोड, नवा. काकू त्या तपकिरी चपलांकडे बघतच राहिल्या. हिने चपला बदलल्या कधी, असं स्वतःशीच पुटपुटल्या. मग आपल्या चपला काढल्या, त्या ओळीत ठेवल्या नाहीत, बाजूला भिंतीशी ठेवल्या, आणि दार वाजवलं.

सुनेने दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. एकच खोली, एका कोपऱ्यात शेगडी, खिडकीत खडूचं दप्तर. खडूने आजीच्या गळ्याला मिठी मारली ती सोडेचना. काकू तिच्या केसांत तोंड ठेवूनच बोलायला लागल्या. माझं चुकलं, म्हणाल्या. तू त्याला सोडलंस याचा राग नव्हता गं. मला सोडलंस याचा होता.

सून शेगडीकडे तोंड करून उभी होती. तिला रडू येत होतं आणि ते तिला आम्हाला दाखवायचं नव्हतं.

"आई, तुमच्या घरात राहून मी त्याला सोडणार कशी होते?" ती म्हणाली.

तिने चहा टाकला. चहा घेता घेता हळूहळू बोलणं झालं. खडूला भेटायला यायला तिची ना नव्हती, पण आधी इथे, या खोलीत, रविवारचं नंतर बघू. आणि पुस्तकाचं म्हणाल तर शब्द ती देईल, मात्र त्या घरात ती पुन्हा जाणार नाही, चित्रातसुद्धा नाही. काकूंनी मान डोलावली. पिशवीतून कागद काढला, पेन्सिल काढली, आणि जमिनीवर बसून नवं शेवटचं पान काढायला घेतलं. रेघ नेहमीसारखी सरळ होती.

त्यांनी दोन दारं काढली. एका दाराशी आपल्या जाड तळव्याच्या चपला. बाबांचे बूट काढावेत की नाही यावर घुटमळल्या, मग काढले. दुसऱ्या दाराशी सुनेच्या चपला, नव्या. दाराबाहेर जाऊन त्या नीट बघून आल्या आणि मग काढल्या. आणि पेन्सिल थांबली. आता खडूचे सँडल राहिले होते.

काकूंनी सुनेकडे बघितलं. सून खिडकीबाहेर बघायला लागली. ते कुठल्या दाराशी काढायचे, हे दोघींपैकी एकीलाही विचारवेना. मला तर वाटलं, कागद फाडून टाकावा आणि घरी जावं. खडू आजीच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत होती. आजीला सँडल आठवत नाहीत असं वाटलं की काय कोण जाणे, तिने पेन्सिल ओढून घेतली. एक सँडल आईच्या दाराशी काढला, वेडावाकडा, बटणासकट. मग सरकत सरकत कागदाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि दुसरा सँडल आजीच्या दाराशी काढला.

काकूंनी विचारलं, "अगं, पण मग एका दारातून दुसऱ्या दाराला जाशील कशी?"

"लंगडी घालत," खडू म्हणाली.

जमतं की नाही ते तिने लगेच करूनही दाखवलं. दाराबाहेर जाऊन एका पायात सँडल चढवला, दुसरा पाय दुमडून धरला, आणि बघ आजी, बघ आई, करत कठड्याच्या बाजूने निघाली. आम्ही तिघी बघत राहिलो, थांब म्हणायचं कुणाला सुचलं नाही. जिन्याच्या तोंडाशी तिचा तोल गेला, आणि काकू आणि सून दोघी एकदम धावल्या. आधी कुणी धरलं ते मला मागून दिसलं नाही.

ते पान आता आमच्या टेबलावर आहे. काकूंनी त्याला रंग दिलाय, पिवळा बरा उतरला नाही म्हणून ह्यांच्याशी भांडूनही झालंय. फक्त खालची ओळ रिकामी आहे. सुनेला ती अजून सुचलेली नाही.